जनरल सोशल सर्व्हे डेटा एक्सप्लोरर: पिढ्या बदलल्या की माणसं बदलली?

अमेरिकी निवडणुकीवर चर्चा सुरू झाली की दोन ठाम विधानं हमखास कानावर येतात. पहिलं: तरुण पिढी पुरोगामी आहे, म्हातारे मतदार हळूहळू संपतील आणि देश आपोआप डावीकडे सरकेल. दुसरं: विशीत सगळेच पुरोगामी असतात, घर-कर्ज-मुलंबाळं मागे लागली की उजवीकडे वळतात. दोन्ही एकाच वेळी पूर्ण खरी असू शकत नाहीत, तरी एकच माणूस एकाच संध्याकाळी दोन्ही बोलून जातो. यातलं कुठलं किती खरं हे घरबसल्या, फुकट तपासता येईल अशी एक सेवा आहे. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेली नॉर्क ही संस्था 1972 पासून 'जनरल सोशल सर्व्हे' करते (पुढे जीएसएस). त्याचा सगळा डेटा शोधायचं, कापायचं आणि उतरवून घ्यायचं संकेतस्थळ म्हणजे जीएसएस डेटा एक्सप्लोरर. हे परीक्षण त्या संकेतस्थळाचं आहे, आणि तपासलंय ते एकाच कामासाठी: पुरोगामी धोरणांना मिळणारा पाठिंबा पिढ्यांनुसार कसा सरकला ते बघायला हे साधन कितपत चालतं.

थोडक्यात मत आधीच सांगतो. "पिढी सरकली का" या प्रश्नाला इतक्या लांब पल्ल्याचं दुसरं फुकट साधन सापडणं कठीण. "पुढची निवडणूक कोण जिंकेल" या प्रश्नाला ते जवळजवळ निरुपयोगी आहे. आणि पहिल्या प्रश्नालाही ते चुकीचं उत्तर अगदी गुळगुळीत आलेखात मांडून देऊ शकतं, कारण वयोगट आणि जन्मगट (ठरावीक वर्षांत जन्मलेल्यांचा गट) यांतला फरक वापरणाऱ्याने स्वतः सांभाळायचा असतो.

आधी मालाबद्दल. अमेरिकेच्या 26 व्या घटनादुरुस्तीने 1971 मध्ये मतदानाचं वय 18 वर आणलं, आणि पुढच्याच वर्षी 18 वर्षांवरच्या प्रौढांचं हे सर्वेक्षण सुरू झालं. म्हणजे 18 ते 20 वयाचे मतदार देशभर पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष निवडायला गेले त्याच वर्षापासूनची नोंद हाताशी आहे. 1994 पर्यंत बहुतेक दरवर्षी (1979, 1981, 1992 ही वर्षं सोडून), नंतर दर सम वर्षी. सुरुवातीच्या काळात एका फेरीत साधारण 1,500 लोक, 1994 पासून नमुना मोठा झाला. 2016 मध्ये 2,867, 2018 मध्ये 2,348. मुख्य निधी नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, त्यामुळे डेटा सगळ्यांना खुला. प्रश्न शक्यतो शब्दन् शब्द तोच ठेवायचा ही या सर्वेक्षणाची जुनी शिस्त, आणि खरी किंमत तिचीच आहे. 1973 मध्ये गांजा कायदेशीर करावा का हे ज्या शब्दांत विचारलं, त्याच शब्दांत ते पुढची दशकं विचारलं गेलं.

संकेतस्थळावर तीन थरांत काम करता येतं. सगळ्यात वर 'की ट्रेंड्स': तयार आलेख, विषय निवडा, वयानुसार फोडा, झालं. वर्गात दाखवायला ठीक. पिढ्यांच्या प्रश्नासाठी मात्र हीच जागा सगळ्यात घातक. तिथल्या वयानुसारच्या रेषेत 1976 चे तिशीच्या आतले आणि 2016 चे तिशीच्या आतले एकाच रंगात जोडलेले असतात. 1976 मध्ये 22 वर्षांचा असलेला माणूस 2016 मध्ये 62 चा झाला; तो त्या रेषेत आता नाहीच, कधीच म्हाताऱ्यांच्या रेषेत जाऊन बसलाय. त्यामुळे "तरुणांची रेषा वर गेली" यावरून कुणी मत बदललं की नाही, हे कळत नाही. कळतं ते इतकंच, की त्या खुर्चीत आता दुसरी माणसं बसली आहेत.

मधला थर म्हणजे खुद्द एक्सप्लोरर. मोफत खातं उघडायचं, चलं (व्हेरिएबल, म्हणजे एकेका प्रश्नाचे रकाने) शोधायची, ती गोळा करून आपला छोटा संच उतरवून घ्यायचा. शोध चांगला आहे. चलाच्या पानावर प्रश्नाचे नेमके शब्द आणि कुठल्या वर्षी विचारला गेला याची यादी असते, आणि ती यादी आधी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. समलिंगी विवाहाच्या हक्काचा प्रश्न (मॅरहोमो) 1988 मध्ये विचारला गेला आणि मग थेट 2004 मध्ये. मधली 16 वर्षं कोरी. आलेखात दोन ठिपके सरळ रेषेने जोडलेले दिसले की बदल संथ, एकसारखा झाला असा भास होतो. त्या रेषेला आधार काहीच नाही.

तिसरा थर खालचा आणि आमच्या मते सगळ्यात कामाचा: बर्कलेत घडलेली एसडीए ही तक्ते काढणारी प्रणाली, जिच्यावर जीएसएसचा एकत्रित संच बसवलेला आहे. दिसायला जुनाट. चौकोनांचा एक फॉर्म, एक बटण. पण ज्याला सांख्यिकीचं सॉफ्टवेअर येत नाही त्याला दहा मिनिटांत जन्मगटांचा तक्ता हवा असेल तर इथेच यावं. ज्यांना आर ही सांख्यिकीची संगणकभाषा येते त्यांनी किरन हीली यांचं जीएसएसआर हे पॅकेज वापरावं. सगळ्या फेऱ्यांची एकत्र फाइल थेट हातात येते, उतरवणं-बदलणं वाचतं.

एक तक्ता काढून बघू. विषय गांजाचा, कारण प्रश्न जुना, उत्तरं दोनच, आणि निकाल डोळे उघडणारा. एसडीएमध्ये सरासऱ्यांची तुलना करणारा फॉर्म निवडा. अवलंबित चलाच्या चौकोनात 'ग्रास'. ओळींच्या चौकोनात 'इयर', पण सुटी वर्षं नकोत, पट्टे करून: चलाचं नाव, लगेच कंस उघडून आर हे अक्षर (r) आणि कोलन (:), मग 1973-1979, अर्धविराम, 1980-1989, अर्धविराम, असं शेवटपर्यंत आणि कंस बंद. स्तंभांच्या चौकोनात 'कोहॉर्ट', म्हणजे जन्मसाल, त्याच पद्धतीने: 1928-1945, 1946-1964, 1965-1980, 1981-1996. हे पट्टे प्यू रिसर्च सेंटरच्या प्रसिद्ध व्याख्यांप्रमाणे सायलेंट, बूमर, जेन एक्स आणि मिलेनियल. भाराच्या यादीतून भारांकन (वेट, म्हणजे नमुन्यातल्या कुणाचं उत्तर किती धरायचं तो आकडा) निवडा, रिकामं सोडू नका. चालवा.

तक्त्यात टक्के दिसणार नाहीत, 1.43, 1.81 असे आकडे येतील. घाबरायचं कारण नाही. 'कायदेशीर करावा' याला कोड 1, 'करू नये' याला 2. म्हणून दोनातून सरासरी वजा केली की पाठिंब्याचा वाटा मिळतो: 1.43 म्हणजे 0.57, अर्थात 57 टक्के. 'माहीत नाही' म्हणणारे इथे आपोआप गळतात. वर्तमानपत्रात छापलेला आकडा आणि आपला आकडा यांत तीन-चार टक्क्यांचा फरक पडतो तो बहुतेकदा याच कारणाने, कारण छापलेल्या आकड्यात 'माहीत नाही'वालेही छेदात धरलेले असतात. दोन्ही बरोबर आहेत; एका लेखात दोन्ही मिसळले की चुकलं.

आता वाचायचं कसं. आडवं वाचलं तर एकाच काळातल्या पिढ्यांमधलं अंतर कळतं. उभं वाचलं तर तीच पिढी वय वाढताना कुठे गेली ते कळतं. वरच्या दोन लोकप्रिय विधानांचा निकाल उभ्या वाचनात लागतो, आडव्यात नाही. बहुतेक बातम्या फक्त आडवं वाचून लिहिलेल्या असतात.

गांजाच्या तक्त्यात बूमरांचा स्तंभ वरून खाली वाचा. एकूण लोकसंख्येत पाठिंबा 1973 मध्ये 19 टक्क्यांच्या आसपास, 1978 मध्ये सुमारे 30, आणि 1990 मध्ये पुन्हा 16. बूमर याच काळात विशीतून चाळिशीकडे गेले आणि त्यांचाही पाठिंबा घसरला. इथे कुणीही म्हणेल, बघा, वय वाढलं की माणूस उजवीकडे जातो. पण त्याच दशकात नव्याने प्रौढ झालेले तरुणही गांजाच्या विरोधात गेले होते, आणि ते तर वयाने वाढलेले नव्हते. ती घसरण वयाची नव्हती, काळाची होती: रेगन यांची वर्षं, अमली पदार्थांविरुद्धची मोहीम. पुढे 1990 नंतर सगळेच स्तंभ वर चढू लागले, बूमरांचाही. 2018 पर्यंत देशाचा आकडा 60 ओलांडून गेला. तेच बूमर, आता पंचावन्न ते सत्तरीतले, विशीत होते त्यापेक्षा जास्त पुरोगामी उत्तर देत होते. एका स्तंभात दोन्ही म्हणी खोट्या पडतात.

समलिंगी विवाहाचा तक्ता वेगळा दिसतो. 1988 मध्ये हक्काला पाठिंबा सुमारे 11-12 टक्के, 2018 मध्ये 68 च्या आसपास. इतका मोठा बदल तीस वर्षांत केवळ म्हातारे जाऊन तरुण आल्याने होणं गणितातच बसत नाही, कारण तेवढ्या काळात निम्मेशिम्मे प्रौढ तेच असतात. म्हणजे माणसं बदलली. पण पिढ्यांमधलं अंतरही टिकून राहिलं: प्रत्येक नवा जन्मगट आधीच्यापेक्षा वर सुरू झाला आणि सगळेच वर गेले. 1988 ते 2004 मधलं भगदाड भरायला जुना प्रश्न (होमोसेक्स, 1973 पासूनचा) वापरता येतो. समलिंगी संबंध 'नेहमीच चूक' म्हणणारे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तीन-चतुर्थांशाच्या घरात होते आणि 1990 नंतर झपाट्याने उतरले. म्हणजे वळण समलिंगी विवाह देशभर कायदेशीर करणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालाच्या खूप आधी घेतलं गेलं होतं.

यात माणसं बदलली किती आणि पिढी बदलली किती, हे मोजायची सोपी रीत ग्लेन फायरबॉ यांची आहे. पाठिंब्यावर दोन चलांचं रेषीय समाश्रयण (रिग्रेशन) चालवा: सर्वेक्षणाचं वर्ष आणि जन्मसाल. वर्षाचा गुणांक गुणिले उलटलेली वर्षं, हा झाला माणसं बदलल्याचा भाग. जन्मसालाचा गुणांक गुणिले सरासरी जन्मसालातली वाढ, हा पिढी बदलल्याचा. समजा वर्षाचा गुणांक 0.012 आणि जन्मसालाचा 0.006 आला, काळ 20 वर्षांचा, आणि तेवढ्यात नमुन्याचं सरासरी जन्मसाल 15 ने पुढे गेलं. पहिला भाग 0.24, दुसरा 0.09. एकूण 33 टक्क्यांच्या बदलात पिढीचा वाटा साधारण 27 टक्के. दुसऱ्या गुणाकारात 20 घालणं ही नेहमीची चूक. लोकसंख्येचं सरासरी वय वाढत असतं, त्यामुळे सरासरी जन्मसाल कॅलेंडरइतक्या वेगाने धावत नाही. ते आपल्याच डेटातून काढा.

आणि वर्ष, जन्मसाल, वय ही तिन्ही एकाच समीकरणात कोंबू नका. वय म्हणजे वर्ष वजा जन्मसाल. तिसरं पहिल्या दोघांतून निघतं, म्हणून तिघांचे रेषीय परिणाम वेगळे करणं कुठल्याही सॉफ्टवेअरला शक्य नाही. सॉफ्टवेअर एखादं चल गुपचूप गाळेल, किंवा पट्टे केलेत म्हणून उत्तर देईल. ते उत्तर पट्टे कुठे कापले यावर हिंदकळतं. पट्टे पाच वर्षांनी सरकवून पुन्हा चालवा. निष्कर्ष पलटला तर तो निष्कर्ष नव्हताच.

आर्थिक धोरणांकडे वळलं की पिढ्यांची गोष्ट मंदावते. श्रीमंत-गरिबांच्या उत्पन्नातली दरी सरकारने कमी करावी का, हा प्रश्न 1978 पासून एक ते सात अशा पट्टीवर विचारला जातो. एक म्हणजे करावी, सात म्हणजे सरकारने यात पडू नये. देशाची सरासरी दशकानुदशकं मधल्या चाराच्या आसपासच घुटमळली आहे. विवाहाच्या तक्त्यात दिसते तशी चढण इथे नाही. गर्भपाताचंही तसंच. 'स्त्रीला कुठल्याही कारणासाठी कायदेशीर गर्भपात करता यावा का' याला 1977 मध्ये सुमारे 37 टक्के हो म्हणाले, चाळीसेक वर्षांनी जेमतेम निम्मे, आणि या दीर्घ काळात तरुण-म्हाताऱ्यांमधलं अंतर बऱ्याचदा किरकोळ होतं. तिथे खरी फूट धर्माची, शिक्षणाची आणि पुढे पक्षाची. 'पुरोगामी धोरणं' असा एकच गठ्ठा करून पिढ्यांचा आलेख काढणारा माणूस हे तीन वेगळे आकार एका रेषेत पातळ करून टाकतो. अशा निर्देशांकावर विश्वास ठेवण्याआधी त्यात कुठले प्रश्न घातलेत ते विचारावं.

शब्दांचा एक सापळा याच विभागात आहे. गरिबांवरच्या सरकारी खर्चाचा प्रश्न जीएसएसमध्ये दोन रूपांत आहे. अर्ध्या लोकांना 'वेल्फेअर' या शब्दात विचारतात, उरलेल्यांना 'गरिबांना मदत' या शब्दात. 1980 च्या दशकात हा प्रयोग सुरू झाला तेव्हा 'वेल्फेअर'वर खर्च कमी पडतो म्हणणारे चौथाईच्या आसपास होते, 'गरिबांना मदत' कमी पडते म्हणणारे 60 टक्क्यांच्या पुढे. माणसं तशीच, वर्ष तेच, बदलला तो शब्द. पिढ्यांमधलं कुठलंही अंतर या फरकापुढे बारीक वाटतं. संकेतस्थळावर या दोघांची नावं एका अक्षराने वेगळी आहेत (दुसऱ्याच्या शेवटी वाय), शोधात ती शेजारी शेजारी येतात, आणि घाईत एका काळासाठी एक, दुसऱ्या काळासाठी दुसरं घेतलं की देश रातोरात समाजवादी झालेला दिसतो.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: तक्त्याच्या एकेका घरात माणसं कमी. 2018 चा संपूर्ण नमुना 2,348 चा, ऐकायला भरघोस वाटतो. पण 1988 पासून बरेच प्रश्न प्रश्नावलीच्या तीन आवृत्त्यांपैकी ('बॅलट') दोनवरच असतात, म्हणजे दोन-तृतीयांश लोकांनाच विचारले जातात, उरले सुमारे 1,560. त्यात तिशीच्या आतले 16 टक्के धरा: 250. साध्या सूत्राने त्रुटी अधिक-उणे 6.2 टक्के. नमुना गुच्छांनी घेतलेला असल्याने विचरण (व्हेरियन्स) दीडपट धरलं तर त्रुटी 7.6. म्हणजे 'जेन झीचा पाठिंबा 5 टक्क्यांनी घसरला' हे वाक्य एका फेरीवरून लिहिता येत नाही, आणि त्यातल्या मुली-मुलांची तुलना तर विसराच. शितावरून भाताची परीक्षा ठीक, पण शितं मोजून घ्या. उपाय: लागोपाठच्या दोन-तीन फेऱ्या एकत्र करणं, आणि एसडीएच्या पर्यायांत प्रमाण त्रुटी व भाररहित संख्या दाखवायला सांगणं. घरात शंभरपेक्षा कमी माणसं असतील तो आकडा लेखात नको.

दुसरी: 2021. कोविडमुळे 2020 ची फेरी पुढे ढकलली गेली आणि घरी जाऊन समोरासमोर मुलाखत घेण्याऐवजी मुख्यतः ऑनलाइन झाली. प्रतिसादाचं प्रमाण 2018 मध्ये 59.5 टक्के होतं, 2021 मध्ये 17 च्या आसपास. त्यानंतरच्या फेऱ्या मिश्र पद्धतीच्या. समोर मुलाखतकार बसलेला असला की माणूस थोडं सांभाळून बोलतो. स्क्रीनवर तो संकोच नसतो, आणि हा फरक सगळ्या वयांत सारखा असतो असं मानायला आधार नाही. 2018 ते 2021 मधली कुठलीही उडी, विशेषतः वंश किंवा लैंगिकतेच्या प्रश्नांवरची, पिढीच्या खात्यावर टाकण्याआधी दहा वेळा विचार करावा. संस्थेने हे लपवलेलं नाही, कागदपत्रांत स्पष्ट इशारा आहे. तो तयार आलेखाच्या अंगावर हवा होता.

तिसरी तक्रार भारांची. जुन्या फेऱ्यांसाठी वापरात असलेला भार 2018 पर्यंतच चालतो. 2021 च्या फेरीपासून नमुन्याला लोकसंख्येशी जुळवून घेणारा नवा भार आला. जुन्या पाठ्यपुस्तकातला भार पूर्ण मालिकेवर लावला तर नव्या फेऱ्या तक्त्यातून गायब होतात, आणि तक्ता तसं ओरडून सांगत नाही. शेवटची ओळ रिकामी दिसली तर आधी भार तपासा. शिवाय 1982 आणि 1987 मध्ये कृष्णवर्णीयांचा मुद्दाम वाढीव नमुना घेतला होता. तो न वगळता किंवा न तोलता त्या वर्षांचे आकडे घेतले तर फुगवटा येतो.

फाइल उतरवून काम करणाऱ्यांसाठी दोन बारीक गोष्टी. जुन्या फायलींत जन्मसाल न सांगितलेल्यांना 9999 हा कोड आहे. '1981 किंवा नंतर' अशी अट लिहिली की ही मंडळी थेट सगळ्यात तरुण पिढीत जाऊन बसतात. वरची मर्यादा नेहमी लिहा. आणि वयाच्या चलात 89 म्हणजे 89 किंवा जास्त.

तरुण मतदारांच्या संदर्भात आणखी एक उणीव कमी बोलली जाते. 2006 पर्यंत मुलाखत फक्त इंग्रजीत होती. त्या वर्षी स्पॅनिश आली. म्हणजे आधीच्या काळातले स्पॅनिशच बोलणारे लोक नमुन्यातच नाहीत, आणि ते तरुण वयोगटांत जास्त होते. 2004 ते 2006 च्या सांध्यावरचा तरुणांचा बदल बघताना केवळ इंग्रजीत मुलाखत दिलेल्यांचा तक्ताही काढून शेजारी ठेवावा.

आणि शेवटी 'मतदार' हा शब्द. जीएसएस प्रौढांना विचारतं, मतदारांना नाही; त्यात नागरिक नसलेलेही येतात. मतदार हवे असतील तर गाळणी लावावी लागते: 2018 च्या फेरीत 2016 च्या मतदानाचं चल, कोड 1 मतदान केलं, 2 केलं नाही, 3 अपात्र. गाळणीत फक्त 1 ठेवला की 2018 मध्ये 18 वर्षांचे असलेले सगळे आणि 19 चे बरेचसे उडतात, कारण 2016 मध्ये त्यांना मतच नव्हतं. म्हणजे सगळ्यात तरुण मतदार शोधायला लावलेली गाळणी सगळ्यात तरुणांनाच बाहेर काढते. शिवाय मतदान केल्याचं सांगणारे नेहमीच प्रत्यक्षापेक्षा जास्त असतात. आणि राज्य कळत नाही: खुल्या फाइलमध्ये फक्त नऊ प्रादेशिक विभाग आहेत, राज्याची ओळख स्वतंत्र करार केल्याशिवाय मिळत नाही. राज्यवार ठरणाऱ्या राष्ट्राध्यक्षपदासाठी हे किती अपुरं आहे ते वेगळं सांगायला नको.

धोरणावरचं मत आणि मतपेटीतलं मत यांत किती अंतर असतं ते मतदानोत्तर चाचण्यांत दिसतं. 18 ते 29 वयोगटाने 1984 मध्ये रिपब्लिकन रेगन यांना 59 टक्के मतं दिली. 2000 मध्ये डेमोक्रॅट गोर 48, रिपब्लिकन बुश 46, म्हणजे जवळजवळ बरोबरी. 2008 मध्ये ओबामांना 66. 2020 मध्ये बायडन यांना 60, 2024 मध्ये हॅरिस यांना त्याहून बरीच कमी. तरुण म्हणजे डेमोक्रॅट हे समीकरण 2004 नंतरचं आहे, निसर्गनियम नव्हे. शिवाय हजेरी: जनगणना विभागाच्या नोंदीप्रमाणे 2020 मध्ये 18 ते 24 वयाच्या नागरिकांपैकी सुमारे 51 टक्के मतदानाला गेले, 65 ते 74 वयाचे 76 टक्के. जीएसएसमधला तरुणांचा स्तंभ मतपेटीत उतरेपर्यंत त्याला ही कात्री लागलेली असते.

म्हणून मतदानाचाच प्रश्न असेल तर दुसरीकडे जावं. अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज 1948 पासूनची मालिका आहे, निवडणुकीआधी आणि नंतर त्याच माणसांना भेटते; नमुना तिथेही मर्यादितच. 2006 मध्ये सुरू झालेली कोऑपरेटिव्ह इलेक्शन स्टडी ऑनलाइन आहे, पण निवडणूक वर्षात 50,000 हून जास्त माणसं, आणि मतदान केलं की नाही हे मतदार यादीच्या नोंदींशी ताडून बघितलेलं. तरुण स्त्री-पुरुषांमधली फूट किंवा एखाद्या राज्यातली जेन झी बघायची असेल तर तीच. तिचा पल्ला मात्र वीसेक वर्षांचा. त्यात बूमरांची विशी सापडणार नाही. प्यूचे अहवाल वाचायला सगळ्यात सोपे. पण 2021 मध्ये समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन आणि शंभराहून अधिक अभ्यासकांनी पिढ्यांची लेबलं टाकून द्या असं जाहीर पत्र लिहिलं, आणि 2023 मध्ये खुद्द प्यूने ती यापुढे जपून वापरणार असल्याचं सांगितलं. 1964 आणि 1965 मधल्या सीमारेषेवर आकड्यांत काहीच घडत नाही, हे जीएसएसमध्ये जन्मसाल पाच-पाच वर्षांनी कापून कुणालाही बघता येतं. आम्ही वरच्या उदाहरणात ते पट्टे वापरले ते वाचकाला नावं ओळखीची असतात म्हणून. कामाचा तक्ता काढताना पाच किंवा दहा वर्षांचे सारखे पट्टे घ्या.

पहिल्यांदा जाणाऱ्याने तयार आलेखांचं पान टाळून थेट एसडीएवर जावं, गांजाचा तक्ता वर सांगितल्याप्रमाणे, पण 1990 हा वेगळा पट्टा करून आणि जन्मसालाचा चौकोन रिकामा ठेवून, काढावा आणि 1990 चा आकडा 16 च्या आसपास येतो का बघावा. 17-18 आला तर 'माहीत नाही'वाले गळलेत, काळजी नको. 25 आला तर वर्षाचा पट्टा चुकलाय. 80 च्या पुढे आला तर दोनातून वजा करायचं राहिलंय.